कोल्ह्याच्या गोष्टीतला पाहुणा

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या आमच्या संगमनेरच्या इतिहासाला पाहुण्यांचा तोटा नाही. यादवांच्या दुसऱ्या भिल्लमाचा शके ९२२चा ताम्रपट येथे मिळाला. शहाजीराजांनी जवळच्याच पेमगिरीवर निजामशाहीचा बालवारस गादीवर बसवला आणि दोन-चार वर्षे दिल्लीच्या आणि विजापूरच्या दरबारांची झोप उडवली. १६७९ मध्ये जालन्याहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना मोगली फौजेने गाठले ते याच परिसरात. आणि नदीकाठच्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा कळले की तीन हजार वर्षांपूर्वीही येथे लोक शेती करीत होते आणि लाल मडक्यांवर काळ्या रेघांची नक्षी काढीत होते. हे सारे आम्ही मास्तर मंडळी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु एक पाहुणा असा आहे की जो दर हिवाळ्यात येतो, कोणाला न सांगता येतो, न सांगता जातो, आणि ज्याचे नाव आमच्या कोणत्याही बखरीत नाही. त्याची आणि माझी ओळख एका फजितीतून झाली.

तळेगावच्या बाजूला जो जिरायती पट्टा आहे, तेथील एका शाळेत मी त्या वेळी होतो. तिसरीच्या मुलांना कोल्हा आणि करकोचा यांची गोष्ट सांगत होतो. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कोल्हा करकोच्याला जेवायला बोलावतो आणि पसरट ताटात खीर वाढतो. मग करकोचा कोल्ह्याला बोलावतो आणि सुरईत खीर वाढतो. मुले हसली. एका मुलीने विचारले, "गुरुजी, करकोचा कसा असतो?" मी खडू घेतला आणि फळ्यावर लांब मानेचा, पाण्यात एका पायावर उभा असलेला एक पक्षी काढला. माझी चित्रकला बेताची. तरी तो पक्षी बगळा आहे हे कोणीही ओळखले असते. मागच्या रांगेतून धनगराचा एक मुलगा उठला. त्या मंडळींचा वाडा तेव्हा गावाबाहेर उतरला होता आणि पोर चार-दोन महिने आमच्या पटावर होते. तो म्हणाला, "गुरुजी, ह्यो न्हाई. गोष्टीतला लाल चोचीचा हाय. त्यो पाण्यात न्हाई ऱ्हात. आमच्या मेंढरांमागं फिरतो."

पुस्तकातल्या रंगीत चित्रात चोच लाल होती हे खरे. पण छापणाऱ्याने हौसेने रंग दिला असेल अशी माझी समजूत होती. मी त्याला खाली बसवले. मास्तराने चूक कबूल करायला जेवढे धैर्य लागते तेवढे माझ्याजवळ त्या दिवशी नव्हते. मात्र दुसऱ्या दिवशी शाळेपूर्वी मी त्याच्याबरोबर वाड्यावर गेलो. दिवाळी नुकतीच सरली होती. बाजरी निघाली होती आणि धसकटांच्या रानात मेंढ्या पांगल्या होत्या. त्यांच्या मागे पंधरा-वीस हातांवर आठ पक्षी ओळ धरून चालले होते. कमरेच्या वर येईल एवढी उंची, अंग पांढरेशुभ्र, पंखांची मागची बाजू काळीभोर, आणि चोच? चोच खरोखरच लाल, पुस्तकातल्यापेक्षाही लाल. मेंढीच्या पायाने नाकतोडा उडाला की तो पक्षी दोन पावले झपझप टाकी, चोचीचा चिमटा मारी आणि पुन्हा पूर्वीच्याच संथ चालीने चालू लागे. पिकाची पाहणी करायला आलेल्या अंमलदारासारखी ती चाल होती. पोराने माझ्याकडे पाहिले; बोलला मात्र काही नाही. त्या न बोलण्याने माझे कान जेवढे धरले गेले, तेवढे आजवर कोणा अधिकाऱ्याने धरले नव्हते.

त्या दिवसापासून मी या पक्ष्याचा इतिहास जमवू लागलो. त्यातले जे हाती लागले ते येथे मांडतो.

पहिला गोंधळ नावाचा. आपण मराठीत 'करकोचा' हा शब्द फार सढळ हाताने वापरतो. उजनीच्या आणि जायकवाडीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात थव्यांनी उतरणारा राखी रंगाचा कांड्या करकोचा हा खरा क्रौंचांच्या कुळातला; तो दाणे खातो आणि आकाशातून जाताना त्याच्या हाकांनी माणसे मान वर करतात. आमचा हा पाहुणा त्या कुळातला नव्हेच. तो बलाकांच्या कुळातला. इंदापूरकडे भादलवाडीला झाडांवर वसाहत करणारा चित्रबलाक, पांढऱ्या मानेचा कांडेसर हे त्याचे भाऊबंद. पुस्तकी मराठीत त्याला श्वेत बलाक किंवा पांढरा करकोचा म्हणतात. ओळखीची खूण सोपी आहे. उडताना बगळा मान दुमडून घेतो. बलाक आणि क्रौंच मान सरळ पुढे ताणतात. त्यातला जो ओरडत जातो तो क्रौंच आणि जो मुकाट जातो तो बलाक.

मुकाट म्हटले ते शब्दशः खरे आहे. या पक्ष्याला बहुतेक आवाजच नाही. नर-मादी घरट्यावर भेटतात तेव्हा मान मागे पाठीवर टेकवून चोचीची दोन्ही पाने एकमेकांवर आपटतात आणि टिपऱ्या वाजाव्यात तसा खडखडाट करतात. तेच त्यांचे स्वागत, तेच गाणे आणि तेच भांडण. या खडखडाटावरूनच फारसीत त्याला 'लकलक' म्हणतात, तुर्कीत 'लेलेक', आणि उत्तर हिंदुस्थानात 'लगलग'. दरवर्षी लांबच्या यात्रेला जाऊन येतो म्हणून त्याला भाविकांनी हाजी ही पदवीही बहाल केली. हाजी लगलग हे नाव आपल्याच देशातले आहे.

संस्कृतात बलाका आहे, कालिदासाच्या मेघाच्या वाटेवरही ती आहे. परंतु ती पावसाळ्यातली बलाका. आमचा पाहुणा तर पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास येतो आणि होळीच्या आगेमागे निघून जातो. आषाढात तो येथून दोन हजार कोसांवर नसला तरी पुष्कळच दूर, पिल्लांना चारा भरवीत असतो. तेव्हा कालिदासाची बलाका कोणीही असो, ही नव्हे. नावांचे असे असते. एकच नाव तीन पक्षी पांघरतात आणि एकाच पक्ष्याला कोठे कोठे नावच उरत नाही.

इसापाने हा धोका दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखला होता असे वाटते. इसापच्या गोष्टी बापू छत्र्यांनी १८२८ मध्ये मराठीत आणल्या, तेव्हापासून त्या आपल्या घरच्याच झाल्या. त्याच्या नावावर असलेली आणखी एक गोष्ट आहे. शेतकरी पेरलेले दाणे खाणाऱ्या क्रौंचांसाठी जाळे लावतो. त्यात एक करकोचाही सापडतो. तो गयावया करतो, "मी त्यांच्यातला नाही. मी दाणे खात नाही. मी म्हाताऱ्या आईबापांना पोसणारा सज्जन पक्षी आहे." शेतकरी म्हणतो, "असशील. पण सापडलास यांच्या संगतीत, तेव्हा मरशील यांच्याबरोबरच." शाळेत आम्ही याचे तात्पर्य 'कुसंगती धरू नये' असे सांगतो. मला अलीकडे यातला दुसरा अर्थ जास्त खरा वाटू लागला आहे. ज्याला आपण वेगळे ओळखत नाही त्याला आपण वाचवूही शकत नाही.

त्या करकोच्याने आपल्या सज्जनपणाची जी साक्ष काढली, तिचाही इतिहास मोठा आहे. म्हाताऱ्या आईबापांच्या उपकारांची फेड करणे या अर्थाचा एक शब्दच ग्रीक भाषेत करकोच्याच्या नावावरून पडला. ज्यूंच्या हिब्रू भाषेत त्याचे नाव दया या अर्थाच्या धातूवरून आले. थेसली प्रांतात तो साप मारतो म्हणून त्याला मारणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती असे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने नोंदवले आहे. युरोपातल्या खेड्यापाड्यांत तो धुराड्यावर घरटे करतो ते घर भाग्याचे मानतात, आणि बाळ कोठून आले असे मुलांनी विचारले तर करकोच्याने चोचीत धरून आणले असे सांगतात. आपल्याकडे बोहारणीने टोपलीतून आणले म्हणतात, तसेच ते.

पण पक्ष्याला आपल्या नीतिपाठांची खबर नसते. मादी बहुधा चार अंडी घालते, नर-मादी दोघेही पाळीपाळीने उबवतात, महिन्याहून थोड्या अधिक काळाने पिल्ले बाहेर येतात आणि सुमारे दोन महिन्यांनी उडू लागतात. येथवर सारे गोड आहे. परंतु चारा तुटपुंजा असला तर आईबाप सर्वांत अशक्त पिल्लू उचलून घरट्याबाहेर टाकतात. उरलेली पिल्ले मोठी झाली की बहुधा आईबापांच्या आधीच प्रवासाला निघतात. मागे वळून म्हाताऱ्यांना घास भरवण्याचा प्रश्नच येत नाही. जोडीदाराशी एकनिष्ठ म्हणून त्याची कीर्ती, पण त्याची खरी निष्ठा घरट्यावर असते. त्याच घरट्यावर दरवर्षी दोघे परततात, म्हणून तेच ते जोडपे पुन्हा जुळते. त्या घरट्यात दर साली काटक्यांची भर पडत जाते आणि जुन्या घरट्यांचे वजन कित्येक मणांवर जाते. उन्हाच्या कहारात तो आपल्याच पायांवर पांढरी विष्ठा सोडतो आणि ती वाळताना पायांना गारवा मिळतो. म्हणून लाल पाय कधी चुना लावल्यासारखे दिसतात. हे मी वर्गात सांगितले तेव्हा जेवढा हशा पिकला तेवढा कोल्ह्याच्या फजितीला पिकला नव्हता.

आता मुख्य प्रश्न. हिवाळ्यात हे पक्षी जातात कोठे? आपल्याला तो प्रश्न 'येतात कोठून' असा पडतो. युरोपला तो 'जातात कोठे' असा पडला होता. ॲरिस्टॉटलसारख्या पंडितानेही काही पक्षी हिवाळ्यात बिळांत दडून सुस्त पडतात असे लिहिले आणि त्यात करकोच्याला घातले. सतराव्या शतकातला चार्ल्स मॉर्टन नावाचा इंग्रज पंडित तर पक्षी चंद्रावर जातात असे मांडून मोकळा झाला. या वादाचा निकाल एका बाणाने लागू लागला. १८२२ मध्ये जर्मनीतील मेक्लेनबुर्ग भागात क्लुट्झ गावाजवळ एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आरपार एक लांब भाला रुतलेला होता, आणि तो भाला आफ्रिकेतल्या लाकडाचा निघाला. म्हणजे आफ्रिकेत कोणी तरी त्याला मारले, आणि मानेत भाला घेऊन तो पक्षी वाळवंट ओलांडून घरी आला होता! तो पेंढा भरून रोस्टॉकच्या विद्यापीठात आजही ठेवलेला आहे. पुढे असे बाण लागलेले आणखीही वीस-पंचवीस करकोचे युरोपात सापडले. मला या गोष्टीचा नेहमी विस्मय वाटतो. त्या पक्ष्याने सांगून ठेवले होते की मी कोठून आलो. फक्त ते ऐकण्यासाठी त्याला पुन्हा एकदा मरावे लागले.

याहून दयाळू रीत शोधून काढली ती एका शाळामास्तराने, हे सांगताना मला जातभाईचा अभिमान लपवता येत नाही. डेन्मार्कमधल्या व्हिबॉर्ग गावी हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन नावाचे शिक्षक होते. १८९९ मध्ये, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी ॲल्युमिनियमची हलकी वाळी तयार केली, त्यांवर आकडा घातला आणि १६५ मैनांच्या पायांत ती घालून त्या सोडून दिल्या. पुढे त्यांनी करकोच्यांनाही वाळी घातली. बाणाचे काम वाळ्याने होऊ लागले. १९०१ मध्ये बाल्टिक समुद्राकाठी रोसिटेनला योहान्नेस थिनेमान यांनी पक्षिनिरीक्षणाचे ठाणे उभे केले आणि तेथून करकोच्यांच्या पिल्लांना वाळी घालण्याचा सपाटा सुरू झाला. १९०८ मध्ये हंगेरीत वाळे घातलेला एक करकोचा पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात सापडला, आणि चंद्राची व बिळांची गोष्ट कायमची संपली.

मग नकाशे तयार झाले. करकोचा वजनदार पक्षी. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच ते सात फूट भरतात. एवढे पंख सतत हलवणे त्याला झेपत नाही. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर चढतात, त्यांवर तो गिरक्या घेत वर जातो आणि तेथून घसरगुंडीसारखा मैलोन्‌मैल पुढे तरंगत जातो. समुद्रावर असे झोत उठत नाहीत, म्हणून तो समुद्र टाळतो. युरोपाच्या पश्चिमेकडचे करकोचे जिब्राल्टरच्या चिंचोळ्या पाण्यावरून आफ्रिकेत उतरतात आणि पूर्वेकडचे इस्तंबूलच्या सामुद्रधुनीवरून जातात. नवख्या पिल्लाला ही वाट कोण सांगते? एर्न्स्ट श्युट्झ यांनी १९३३ मध्ये पूर्व प्रशियातील पिल्ले पश्चिम जर्मनीत नेऊन वाढवली आणि तेथले करकोचे नैर्ऋत्येकडे निघून गेल्यावर त्यांना मोकळे सोडले. ती पिल्ले यजमानांच्या वाटेने गेलीच नाहीत. आपल्या वाडवडिलांप्रमाणे आग्नेयेच्या अंगानेच निघाली. म्हणजे दिशा रक्तात असते. मात्र कोणत्या खिंडीतून वळावे, कोणत्या माळावर चारा मिळेल, हे बारकावे ती जाणत्या पक्ष्यांबरोबर उडत शिकतात. शिक्षणासंबंधी मी जेवढी पुस्तके वाचली त्यांत याहून नेमके वाक्य मला आढळले नाही.

आपल्या देशाचे नाव या नकाशावर आले ते बिकानेरमुळे. जर्मनीत वाळे घातलेले करकोचे बिकानेरकडे सापडले; सरळ रेषेत मोजले तरी ते अंतर पाच हजार किलोमीटरांच्या वर भरते. पण असे पाहुणे थोडे. आपल्याकडे येणारे बहुतेक पांढरे करकोचे युरोपातले नव्हेतच. ते मध्य आशियातले. थोडे थोराड, चोचीने किंचित लांब. उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, किरगिझस्तान आणि कझाकस्तानचा दक्षिण भाग हे त्यांचे माहेर, आणि त्यातही फरगाणाचे खोरे. हे नाव ऐकले की इतिहासाच्या मास्तराचे कान टवकारतात. बाबराचा जन्म १४८३ मध्ये त्याच खोऱ्यात, अंदिजानला झाला. तेथून तो काबूलला आला आणि १५२६ मध्ये पानिपतावर उतरला. ज्या अफगाणी डोंगरांतून बाबराचे घोडे आले त्यांवरूनच हा पक्षी दर शरदात येतो. घोड्यांपूर्वीही येत होता आणि तख्त गेल्यावरही येत राहिला. फरगाणापासून संगमनेर सरळ रेषेत सुमारे तेवीसशे किलोमीटर. मोगलांच्या फौजेला दख्खन गाठायला तीन पिढ्या लागल्या, हा एका ऋतूत येऊन पोचतो, आणि त्याला मुलूख नको असतो, नाकतोडे हवे असतात.

बुखारा शहरात पूर्वी मशिदींच्या मिनारांवर आणि मदरशांच्या घुमटांवर त्यांची घरटी असत. शहरातली तळी आटवली, भोवतालची पाणथळ राने गेली आणि विसाव्या शतकात बुखाऱ्याचे करकोचे नाहीसे झाले. मिनारांवर रिकामी घरटी तेवढी राहिली. फरगाणाच्या खोऱ्यात मात्र ते टिकले. झाडे आणि घुमट सोडून त्यांनी विजेचे खांब पत्करले.

आमच्या नगर जिल्ह्यात (आता तो अहिल्यानगर झाला) पक्ष्यांची टिपणे ठेवणारा पहिला माणूस आमचा नव्हता. अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री सॅम्युअल बेकन फेअरबँक (१८२२–१८९८) जिल्ह्यातल्या वडाळ्याला राहून धर्मप्रचाराबरोबर पक्षी गोळा करीत आणि त्यांनी १८७६ मध्ये मराठी मुलखातल्या पक्ष्यांची यादीच छापली. आपल्या दक्षिणेतल्या डोंगरांतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ते आजही आहेत. त्याच काळात ज्यांनी पुढे १८८५ मध्ये काँग्रेसची स्थापना केली ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्ष्यांचे नियतकालिक चालवीत होते, आणि १८७८ मध्ये त्यात डेव्हिडसन आणि वेंडन या दोघा इंग्रजांनी दख्खनच्या पक्ष्यांवर मोठा लेख लिहिला. एक कलेक्टरीतला, दुसरा रेल्वेतला. ह्यूमसाहेबांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते सिमल्याला घरातल्या नोकराने रद्दीच्या भावाने विकली, त्या दुःखाने त्यांनी सारा संग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. त्या रद्दीत कोणत्या गावाचे कोणते पाहुणे गेले असतील याचा विचार मनात आला की जीव हळहळतो.

आम्ही का लिहिले नाही? आमच्या लोकांनी पाहिले नव्हते असे नाही. त्या धनगराच्या पोराने पाहिले होते, त्याच्या आज्यानेही पाहिले असणार. परंतु ज्यांनी पाहिले त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी बगळा काढला.

आणि हा पाहुणा फुकटचे खात नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात टोळांनी धुमाकूळ घातला, इतका की त्या जातीला शास्त्रात मुंबईचा टोळ असेच नाव पडले. अगदी अलीकडे, २०२० च्या मे महिन्यात, विदर्भात टोळधाड उतरली तेव्हा लोक थाळ्या वाजवीत रानात धावले. टोळ आणि नाकतोडे हेच या पक्ष्याचे आवडते अन्न. दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी त्याला मोठा टोळपक्षी हेच नाव दिले आहे. परंतु विष फवारलेला टोळ जसा शेतातून जातो तसा तो चोचीतूनही जातो.

एका माघात तोच मुलगा धावत शाळेत आला. तारांखाली एक पक्षी पडला होता. मी गेलो. उंच खांबावरून दोन तारा शेतावरून गेल्या होत्या आणि खाली धसकटात तो पांढरा देह पसरला होता. एका पंखाची पिसे करपली होती. मी खाली बसलो आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर त्याचे दोन्ही पाय हातात घेऊन चाचपले. डावा पाहिला, उजवा पाहिला, गुडघ्याच्या वरपर्यंत पाहिले. पोराने विचारले, "काय शोधता गुरुजी?"

"वाळं," मी म्हणालो. "वाळं असतं तर कळलं असतं तो कुठला ते."

पाय मोकळे होते. पोर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पण आपल्याला ठाऊक हाय ना. त्यो आपल्याकडचाच हाय. रोज यायचा."

या उत्तराला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी एक कोरी वही घेतली होती, तिच्यात त्या दिवशीची तारीख, शिवाराचे नाव आणि 'श्वेत बलाक, एक, मृत, वाळे नाही' एवढे लिहिले. आम्ही दोघांनी त्याला बांधावर पुरले.

युरोपात पश्चिमेकडच्या देशांतून हा पक्षी एकेक करून नाहीसा झाला. बेल्जियममधून १८९५ मध्ये, स्वित्झर्लंडमधून १९५० मध्ये. तेथे त्याला परत आणण्याचे काम १९४८ पासून आल्ट्रोय गावी माक्स ब्लोश यांनी हाती घेतले. तेही पेशाने शिक्षकच. मोजदाद होऊ लागली, तारांवर आडोसे बसले, घरट्यांसाठी खांब उभारले. १९८४ च्या गणतीत जगभरात सुमारे एक लाख पस्तीस हजार जोड्या होत्या, त्या २००४-०५ मध्ये सव्वादोन लाखांच्या वर गेल्या. क्रोएशियात तर शिकाऱ्याच्या गोळीने जायबंदी झालेल्या एका मादीला शाळेच्या एका शिपायाने घरी नेले आणि २०२१ मध्ये ती मरेपर्यंत जवळजवळ अठ्ठावीस वर्षे सांभाळले. तिचा जोडीदार दक्षिण आफ्रिकेतून दर वसंतात तिच्याकडे येई. ज्याची कोणी दखल घेते तो टिकतो, एवढेच यातून मला दिसते.

आमच्याकडचे चित्रही बदलत आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या पाटांनी प्रवरेच्या खालच्या काठी ऊस आणला. वरचा जिरायत मात्र तसाच कोरडा राहिला. निळवंड्याचा प्रकल्प १९७० मध्ये मंजूर झाला. त्याच्या कालव्याचे पाणी वाहिले ते २०२३ मध्ये. त्रेपन्न वर्षे! पाणी आले त्या दिवशी कालव्याच्या काठावर म्हाताऱ्या माणसांनी ओंजळीने ते डोळ्यांना लावले, ते मी पाहिले आहे. त्या पाण्याला पक्ष्यासाठी कोणी नाही म्हणेल तर तो माणूस नव्हे. आणि पाण्याशी या पक्ष्याचे वैरही नाही. ओल्या गवतात बेडूक, भिजलेल्या रानात किडे, नांगरामागे अळ्या, त्याला सारे चालते; स्पेनमध्ये तर तो भातखाचरांवर आणि उकिरड्यांवर इतका रमला की कित्येकांनी आफ्रिकेला जाणेच सोडले. त्याचे मरण विषात आहे आणि तारांत आहे. ती दोन्ही आपल्या हातची आहेत.

तो मुलगा पुढे वाड्याबरोबर कोकणाकडे गेला आणि परत पटावर आला नाही. वही मी चालू ठेवली आहे. काही वर्षी पक्षी दिसतात, काही वर्षी नाही. नाही दिसले तर तसेही लिहितो. आता तिसरीला ती गोष्ट आली की मी फळ्यावर चित्र काढीत नाही. मुलांना विचारतो, कोणी पाहिला आहे का? आणि बहुधा मागच्या रांगेतून एखादा हात वर होतो. तो वर आला की मी खडू त्याच्या हाती देतो.